गावठी असल्याचा दाखला

भैरूने सुलतानच्या तोंडात मनगटापर्यंत हात घातला आणि डॉक्टरांकडे पाहिलं. कुत्र्याचं ते काळं धूड गपगुमान बसून राहिलं. लाळ तेवढी भैरूच्या बाहीवर गळली.

"बघा सायेब, पिटबुल असता तर हात ऱ्हायला असता का? मेंढक्यांकडनं आनलाय ह्यो. कान म्याच कापलं. लांडग्याच्या तोंडात कान गावू नये म्हनून आमच्याकडं कापत्यातच."

"मग पिटबुल म्हणून सांगितलं कोणी?"

भैरूने मान खाली घातली. सांगितलं होतं त्यानेच. कळंबोलीच्या या लोखंडाच्या गोदामावर तो रखवालदार म्हणून लागला, तेव्हा पिल्लाला गावठी म्हटलं की ड्रायव्हर हसायचे. एकदा पिटबुल म्हणून ठोकून दिलं आणि हसणं थांबलं. गोदामाचे मालक धर्मराज शेठ तर इतके खूश झाले की घरून मटण पाठवू लागले. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, म्हणतात. भैरूने चार वर्षं रेटलं आणि आता ते गळ्याशी आलं होतं. लोखंड बाजाराच्या संघटनेने ठराव केला होता, असल्या घातक जातीची कुत्री आवारात नकोत. उद्या गाडी येऊन सुलतानला घेऊन जाणार होती.

डॉक्टरांनी जबडा पाहिला, छाती पाहिली आणि ते हसले.

"अस्सल गावठी आहे. दाखला देतो. कोणी हात लावणार नाही त्याला."

भैरूला भरून आलं. कागद घेऊन तो धावतच ऑफिसात गेला. शेठनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे चार वर्षं मी गावठीला मटण खिलवलं?"

"राखन तर केलीच की त्यानं, शेठ."

"राखण त्याच्या नावाने होत होती रे! आता सगळ्या मार्केटला कळणार. कोण घाबरणार याला? कॅमेरे लावतो मी. याला रोडवर सोड, आत्ताच. नाहीतर तू पण जा."

गावी बायको राहीबाई होती, दोन पोरी होत्या. भैरूला फार वेळ विचारही करावा लागला नाही, आणि याचीच त्याला लाज वाटली.

त्याने सुलतानला फाटकाबाहेर नेलं, साखळी सोडली, आत येऊन कडी लावली.

सुलतान क्षणभर गोंधळला. मग फाटकाकडे पाठ करून, रस्त्यावरच्या ट्रककडे तोंड करून, राखणीला बसला.