सोडावाल्यानं ओळखलेलं तीर्थ

शिवाजी पेठेतल्या चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. नेत्रानंद महाराजांच्या तळहातावर स्टीलची ताटली, ताटलीत चपटा पांढरा खडा. हिमालयात सापडलेला शंकराचा डोळा म्हणे! महाराजांनी त्यावर तीर्थ ओतलं, "बम बम!" म्हणून आरोळी ठोकली आणि खडा सरकत चालू लागला. बायकांनी हात जोडले.

सगळ्यांत पुढे होते गोटीसोडा विकणारे बसलिंगाप्पा. महाराजांच्या उताऱ्याची दोन डझन लिंबं सकाळी त्यांच्याच गाडीवरून गेली होती. शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी सुष्मिता दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कामासाठी मालवणला निघणार होती. समुद्राच्या तळावर लोखंडी चौकट टाकायची आणि तिच्या आतले शंख, शिंपले, तारामासे मोजायचे, असलं ते काम. रंकाळ्यापलीकडे पाणी न पाहिलेल्या अप्पांची आठवडाभर झोप उडाली होती, म्हणून त्यांनी महाराजांकडे कौल मागितला.

"डोळा पोरीकडं चालला, तर समुद्रानं तिला मागितलं समज," महाराज म्हणाले.

खडा थेट सुष्मिताकडे निघाला. अप्पांची पाचावर धारण बसली.

"न्हाय जायाचं! भरलेली बॅग रिकामी कर आधी!"

सुष्मिताने भांडण काढलं नाही. तिने खडा उचलून उलटा केला. मागे तपकिरी भोवरा होता.

"अप्पा, हे समुद्रातल्या गोगलगाईच्या शंखाचं झाकण हाय, चुनखडीचं. आत शिरली की ती दार लावून घेती. आमच्या कॉलेजात बरणीभर हायत. महाराज, हे हिमालयात कसं गेलं?"

"पूर्वी तिथं समुद्रच होता, बाळ!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या दिवशी महाराजांच्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

सुष्मिताने खडा परत ठेवला. "अप्पा, जरा ताटलीला कान लावा."

अप्पांनी कान लावला. आत बारीक सुर्र चाललं होतं. तीस वर्षं हा आवाज त्यांच्या कानात बसलेला. त्यांनी तीर्थात बोट बुडवून चाटलं.

"आयला, हे तर माझंच लिंबू!"

मग त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. "लिंबात खायचा सोडा टाकल्यावर हुतंय तसंच की हे! खड्याखाली बुडबुडं येत्यात, खडा उचलतोय, आन् ताटली कलंल तिकडं घसरतोय. महाराजांचा अंगठा बघा!"

त्यांनी ताटली हिसकावली आणि जराशी कलवली. खडा महाराजांकडे निघाला.

"महाराज, समुद्रानं तुमाला मागितलंय! उद्या मालवणची यष्टी हाय. जाताय न्हवं?"

चौक हसून लोटपोट झाला. त्या हशात महाराज कधी सटकले, कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर अप्पांनी सुष्मिताच्या हातात चार लिंबं ठेवली. "घाटात मळमळलं तर चोख. आन् खाली काय काय राहतंय ते मोजून मला सांग." भीती गेली नव्हती, डोळे भरलेच होते. पण पोर त्यांनी अडवली नाही.

मंडळी, देव मानायचा तर खुशाल माना. फक्त ताटली कुणाच्या हातात आहे, ते आधी बघा.