तीन इंच लूज

इस्रायलमधल्या येरुहाममध्ये त्या आठवड्यात उन्हापेक्षा योना जास्त तापला होता. नात शिरीच्या उड्या मारायच्या ट्रॅम्पोलिनचं फाटलेलं काळं कापड बदलायला त्यानं स्वतः माप घेऊन नवं मागवलं होतं. नवं आलं, चढवलं, आणि पोर उडायच्या ऐवजी पिठात पाय गेल्यागत रुतली. बहात्तर स्प्रिंगा सैल लोंबत होत्या. नऊ दिवसांवर पोरीचा वाढदिवस, अख्खा वर्ग बोलावलेला.

मुलगा बेनी म्हणाला, "अब्बा, आता माप घ्यायला बाहेरचा माणूस बोलावतो."

"बाहेरचा?" योना कडाडला. "भायखळ्यात तीस वर्षं शिलाई केली मी! माझ्या मापाला बोट लावायची कुणाची छाती झाली नाही!"

त्यानं बीरशेवाच्या दुकानात फोन लावला आणि हिब्रूत येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या घातल्या. पलीकडला माणूस शांतपणे म्हणाला, "तुमच्या कागदावर एकशे तीस इंच लिहिलंय. आम्ही एकशे तीसच पाठवलंय."

योनानं टेप काढला. नवं कापड बरोब्बर एकशे तीस. आता तर त्याचं डोकंच फिरलं. "मेला, चुकला असता तरी बरं होतं!"

त्याच्या बायकोनं, शोशानानं, गॅरेजमधून जुनं फाटकं कापड ओढत आणलं, अंगणात पसरलं, टेपचं एक टोक धरलं. एकशे सत्तावीस.

"अहो, हे वरचे तीन इंच कुठनं आले?"

"लूज ठेवले."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? वाढती पोर आहे! बेताचं शिवलं तर सहा महिन्यांत आखूड होतं. हे शिकवायला लागतं का?"

बेनीनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. शिरी आजोबाला म्हणाली, "सबा, ते मी घालणार नाहीये."

योनानं तिच्याकडं असं पाहिलं, की ती शोशानाच्या मागं सरकली. मग त्यानं परत फोन लावला.

"एकशे सत्तावीस! आठवड्यात पाहिजे!"

"नक्की ना? थोडं जास्तीचं ठेवू का?"

"एक दोरा जरी जास्त ठेवलास," योना ओरडला, "तर बसनं येऊन तुझी कातरी मोडीन!"

फोन आपटल्यावर शोशानानं विचारलं, "आणि हे नवं? टाकायचं?"

"खबरदार!" योना घडी घालू लागला. "कपाटात ठेव. पुढंमागं होईल बरोबर."