कोरं तळं

वडील गेल्यावर त्यांचं कपाट आवरायला बसताना तिने आईला बजावलं होतं, "चित्रांची वळकटी मी उघडणार नाही. ती तू बघ."

"अगं, कागद आहेत ते. चावणार आहेत का तुला?" असं म्हणत आईने वळकटी लेकीच्या मांडीवर टाकली आणि ती चहा ठेवायला गेली.

चावण्याचं काम एकेकाळी लेकीचंच होतं. शिसपेन्सिलींची मागची टोकं कुरतडायची म्हणून वडील तिला खारूताई म्हणत. सुट्टीच्या दिवशी सायकलवर पुढे बसवून तिला टेकडीवर न्यायचे आणि समोरचे डोंगर, झाडं, तळं कागदावर उतरवायचे. "डोंगर काढायचा, झाड काढायचं," ते सांगत. "पाणी मात्र काढायचं नाही. तेवढा कागद कोरा सोडायचा, की झालं पाणी."

हे सगळं तिच्या डोक्यावरून जायचं. आठ वर्षांची असताना, वडील हात धुवायला गेलेले पाहून तिने चित्रात डोकावलं. तळं कोरंच! विसरले बिचारे. तिने सगळ्यात काळी पेन्सिल उचलली आणि तळं गिरगटून भरून टाकलं, काठाबाहेर जाऊन. दोन महिने खपून काढलेलं ते चित्र दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात जायचं होतं.

वडिलांनी परत येऊन चित्र पाहिलं. खोडरबर उचलला, परत ठेवला. "खारूताई, पाऊस येणार वाटतं," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं. चित्र प्रदर्शनात गेलं नाही आणि तिने पेन्सिलीला पुन्हा हात लावला नाही. पुढे शिवणकामाचं दुकान काढलं, जन्मभर खडूने कापडावर रेघा मारल्या, पण बाबांचं चित्र आपण नासवलं हे काही मनातून जाईना.

तिने वळकटीची दोरी सोडली. वर तेच चित्र होतं. खाली तोच देखावा, वेगवेगळ्या वर्षांचा. एकूण एक चित्रात तळं काळं होतं, अगदी तिच्यासारखं गिरगटलेलं, काठाबाहेर गेलेलं. तिला हसू आलं आणि रडूही.

शेवटच्या चित्रात रेघा थरथरलेल्या होत्या. तळं कोरं होतं. सोबत दातांचे व्रण असलेली बोटभर पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. मागे लिहिलं होतं, "आता हात चालत नाही. तळं खारूताईने भरावं."

आई चहा घेऊन आली तेव्हा लेक जमिनीवर पालथी पडून रेघोट्या ओढत होती.

"अगं, हे काय चाललंय?"

"पाऊस येतोय, आई," ती म्हणाली आणि काठाबाहेर गेली.