ढगोबा आणि कॉलरताई

मित्रांनो, अंगावरचा रंग उडाला म्हणून मला भंगारात काढू नका. मी शिलाईची जुनी मशीन आहे. पट्टा सैल झाला आहे, चालताना खडखडते, पण तेलाचे दोन थेंब मिळाले तर आजही सरळ टाका घालते. मात्र आज मला स्वतःचे कौतुक सांगायचे नाही. जीव तळमळतो आहे, म्हणून बोलते आहे.

माझे अंग भट्टीतून साच्यात ओतले गेले, घासूनपुसून चकचकीत झाले आणि मी एका शर्टांच्या कारखान्यात येऊन बसले. माझ्यावर जी बाई बसायची ती फक्त कॉलर शिवायची, म्हणून सगळे तिला कॉलरताई म्हणत. तिच्या कॉलरची दोन टोके जुळ्या बहिणींसारखी असायची. ती रोज सकाळी पदराने माझी धूळ पुसायची आणि मगच बसायची.

हात चपळ होताच, पण जीभ त्याहून चपळ. शिवता शिवता ती गोष्टी सांगायची. त्या गोष्टींतला, सदा तंद्रीत हरवलेला ढगोबा तिने स्वतः रचला होता. हा ढगोबा न्हाव्यासमोर बसल्या बसल्या मनातल्या मनात राजा झाला. प्रधानाने काहीतरी विचारले, याने ऐटीत मान डोलावली आणि अर्धी मिशी गमावून बसला. आमची रांग हसून हसून बेजार व्हायची, आणि काम मात्र भराभर उरकायचे.

हळूहळू ढगोबा गोष्टीतून उठून लोकांच्या बोलण्यात शिरला. उलटी शिवलेली कॉलर सापडली की तपासणीच्या टेबलावरून हाक यायची, "ढगोबा आला गं!" बायकांनी त्याला घरी नेले. कुणाचे दूध उतू गेले की ढगोबा. पोर पुस्तक सोडून खिडकीबाहेर बघू लागले की ढगोबा. एकदा पंखा दुरुस्त करायला आलेल्या परक्या माणसाने आपल्या जोडीदाराला "ए ढगोबा, पाना दे" म्हटले, तेव्हा कॉलरताईचा चेहरा किती फुलला होता म्हणून सांगू! तिच्या तोंडचा शब्द तिच्याआधी गावभर फिरून आला होता.

मग एक वेगळेच सुरू झाले. डाव्या हाताला कापडाचा गठ्ठा ठेवला तरी तिला कळेना. शेजारच्या मशीनवर काजे करणारी काजमावशी चहाचा कप पुढे करायची आणि कॉलरताई आपली समोर बघत बसायची. सुपरवायझर बाजूला उभा राहून हात हलवायचा, तरी ही ढिम्म.

"काय ताई," तो म्हणाला, "तुमचा ढगोबा तुमच्याच अंगात आला की!"

सगळी रांग हसली. तीही हसली.

मला हसू येईना. कापड माझ्या पायाखालून जाते, मला त्यातले कळते. लक्ष उडालेल्या बाईचा टाका भरकटतो, पण कॉलरताईचा एकही टाका हलत नव्हता. सुईखालचे तिला लख्ख दिसत होते. पण उठताना तिचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा, आणि शेजारचा गठ्ठा शोधायला ती अख्खी मान वळवायची. आजूबाजूचे जग तिच्या डोळ्यांतून निसटत चालले होते. हे फक्त मला कळत होते, आणि मला बोलता येत नव्हते.

मी दोरा तोडला. तिने ओवला की पुन्हा तोडला. वाटले, कोणीतरी थांबेल, विचारेल. सुपरवायझर म्हणाला, "बघा, काम करताना ध्यान नसलं की असं होतं." मेकॅनिकने येऊन माझ्या दोऱ्याचा ताण सैल केला, आणि तेवढेही माझ्या हाती उरले नाही.

काजमावशीने एकदा सुचवले होते, "अगं, डोळे दाखवून ये ना एकदा."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? पहिल्या फटक्यात दोरा ओवते मी. माझं चित्तच ठिकाणावर नसतं. त्या मेल्याच्या गोष्टी रचून रचून मीच तशी झालेय."

त्या दिवसापासून तिने गोष्टी बंद केल्या. ओठ घट्ट मिटून, समोर डोळे लावून ती शिवत राहिली. आमची रांग मुकी झाली. तरी गठ्ठे दिसत नव्हतेच. तिने स्वतःला आणखी दोष दिला, आणि मी खाली नुसती धडधडत राहिले.

शेवटी ती जिन्यावरून पडली, तेव्हा लेक तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, आधी आणले असते तर बरीच वाचली असती.

काम सुटले, तेव्हा आपली कात्री न्यायला ती लेकीचा हात धरून आली. सुपरवायझर मान खाली घालून म्हणाला, "ताई, मला वाटलं तुम्ही आपल्या तंद्रीत असता."

"मलाही तेच वाटलं हो. शब्द घरचाच होता ना, शंका कशी येणार?"

काजमावशीचे डोळे भरून आले. "जाता जाता एक गोष्ट तरी सांग."

कॉलरताईने चाचपत कात्री पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "येतच नाही गं आता. काम नीट व्हावं म्हणून मीच त्याला हाकलून दिला."

मित्रांनो, हाक मारूनही कोणी वळले नाही, तर त्याला नाव ठेवू नका. त्याच्या समोर जाऊन उभे राहा आणि विचारा, मी तुला दिसतो का? माझे बोलणे तुला ऐकू येते का? विचारायला काय लागते? माझ्यावर आता एक नवी मुलगी बसते. पाठीमागून हाक मारली की ती वळत नाही, आणि सगळी रांग हसते. तुमच्यापैकी कोणीतरी या. हात जोडायला मला हात नाहीत, पण लवकर या.