अक्रोडी सिलिंडर

भुशाच्या फळ्यांवर चिकटवला की लाकडासारखा दिसणारा कागद त्या कारखान्यात छापला जाई, आणि छापून आलेला रंग ठरलेल्या नमुन्याशी जुळतो की नाही हे सांगायचं काम गेली अकरा वर्षं तिच्याकडे होतं. डोळ्यांवर विसंबून चालत नसे. दोन तपकिरी रंग जुळ्या बहिणींसारखे दिसले तरी त्यांच्या शाईचं गोत्र वेगळं असू शकतं, आणि ते ओळखायला तिच्या टेबलावर एक यंत्र होतं. तांबड्याच्या पलीकडचा, माणसाला न दिसणारा प्रकाश ते कागदावर सोडी आणि परतून आलेला मोजी. शाई कुठली, थर किती, कागदात पाणी किती, सगळं पडद्यावर उमटे. "बाईंसमोर फार वेळ उभे राहू नका, पोटातलं काढतील," असं शाई कालवणारे काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि स्वतःच आधी हसत.

तिचा नवरा त्याच कारखान्यात, कागदावर नक्षी छापणारे सिलिंडर कोरायचा. अक्रोडी नक्षीचा तांब्याचा सिलिंडर हे त्याचं शेवटचं काम. आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी ते पुरं करून, हातपाय धुऊन तो बाहेर पडला, तो घरी पोचलाच नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, नातेवाइकांची कुजबुज करून झाली. सासूबाई मात्र रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवत, आणि सकाळी ते रिकामं करताना दोघी एकमेकींकडे बघत नसत.

मग एका सोमवारी अक्रोडी कागदावर पाणी सापडलं.

रंग बिनचूक होता. पण सिलिंडरच्या दर फेऱ्याला, ठरावीक एका जागी, तळहाताएवढा भाग ओला असल्याचं यंत्र सांगत होतं. तिने बोट फिरवून पाहिलं; कागद कडकडीत कोरडा. यंत्राची काच पुसली, दिवा बदलला, दुसऱ्या नक्षीचे कागद लावून पाहिले. त्यांच्यावर काही नव्हतं.

"सिलिंडर ठणठणीत आहे, कागद कोरडा आहे," फोरमन म्हणाला. "बाई, तुमच्या यंत्रालाच सर्दी झालीय."

तीही हसली. पण आठवड्याचे आलेख एकाखाली एक मांडल्यावर तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. तो ओलावा जागचा हलत होता. रोज दोन बोटं, कधी अडीच, मध्यापासून डाव्या कडेकडे, न चुकता. या चालीने कड गाठायला त्याला अजून तीन आठवडे लागणार होते. आणि अक्रोडी कागदाची मागणी त्या शनिवारी संपत होती. त्यानंतर सिलिंडर उतरणार, त्यावरचं तांबं घासून निघणार, नवी नक्षी चढणार.

तिने मनाशी काहीच ठरवलं नाही, निदान नंतर तिला तसंच आठवत राहिलं. शुक्रवारी तिने बिनचूक रंगाच्या कागदावर 'नापास' असा शेरा मारला. माल परत गेला, पुन्हा छापला गेला, पुन्हा नापास झाला. अकरा वर्षांत तिचा आकडा चुकला नव्हता, म्हणून तिच्याकडे कुणी संशयाने पाहिलं नाही. सगळ्यांनी पाहिलं ते काकांकडे.

काकांनी शाई पाच वेळा कालवली. सहाव्या वेळी त्यांना वर बोलावून, आता डोळ्यांना विश्रांती द्या, असं सांगण्यात आलं. निघताना ते तिच्या टेबलापाशी थांबले.

"मला तर रंग बरोबर दिसतोय गं पोरी," ते म्हणाले. "पण तुझं यंत्र नाही म्हणतंय म्हटल्यावर माझेच डोळे गेले असणार."

तिने मान खाली घातली ती ते फाटकाबाहेर पडेपर्यंत वर केली नाही.

त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ओलावा कडेला टेकला आणि थांबला. बुधवारी त्याचे पाच बारीक ओघळ झाले आणि कडेकडेने खाली सरकू लागले. अंधाऱ्या खोलीत भिंत चाचपत कुणी दार शोधावं तसे. तिने पडद्यावर हात ठेवला. "इथेच," ती पुटपुटली, "इथेच आहे मी." पण दार कुठे असतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

त्याच दुपारी घरून फोन आला. सासूबाईंना धड बोलता येत नव्हतं. "अगं, आलाय! बसलाय इथे माझ्यासमोर! धावत ये!"

तो खरंच बसला होता. वाळला होता, दाढी वाढली होती, कुठे होतो ते आठवत नाही म्हणत होता. कपाळावरचा व्रण तोच, आवाज तोच. ती त्याच्या गळ्यात पडून इतकी रडली की शेजारीणही रडायला लागली. जेवताना त्याने दोन घास चिवडले आणि ताट सरकवलं. भूक मेली असेल, सासूबाई म्हणाल्या, येईल हळूहळू.

गुरुवारी तिने सवयीने कागद यंत्राखाली ठेवला.

पाच ओघळ कडेलाच होते. कालच्यापेक्षा कितीतरी वेगाने ते वर जात होते, खाली येत होते, पुन्हा वर जात होते. एका फेऱ्यात इथे, तर पुढच्या फेऱ्यात तिथे.

फोरमन पेढ्यांची चौकशी करत आत आला. "देव पावला बाई! आता तेवढं रंगाचं सांगा. वरून विचारणा होतेय. आज पास असेल तर सिलिंडर उतरवतो आणि घासायला पाठवतो."

नवरा घरी परतलेल्या बाईने कागदातल्या ओलाव्यासाठी काय मागायचं, आणि कुणाकडे? सासूबाईंचा कालचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. मग काकांचा.

"रंग पास आहे," ती म्हणाली. "आधीपासूनच होता. चूक माझी होती. काकांना परत बोलवा."

"आणि सिलिंडर?"

पडद्यावर पाचही ओघळ एका जागी थांबले होते.

"उतरवा," ती म्हणाली, आणि यंत्राचा दिवा बंद केला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सासूबाई पानं मांडत होत्या. तो पाटावर बसला होता, पाठ ताठ, हात मांडीवर. त्याला घरी कुणी कारखान्यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं तिने सासूबाईंनाही कधी काही बोलून दाखवलं नव्हतं.

"उतरवला का गं तो सिलिंडर?" त्याने विचारलं.

ती उंबऱ्यातच उभी राहिली. "हो. घासायला गेलासुद्धा."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि ताट पुढे ओढून पोटभर जेवला.