मिस एव्हडनीचं ‘नाहीये’

झाकण उचलायच्या आधी जरा थांबा. बोलतेय ती मी, कोळशाच्या शेगडीवरची डची, म्हणजे ओतीव पातेलं. जाड बुडाची, दोन कानांची, बाहेरून काळीकुट्ट. जमैकात डचीशिवाय घर नाही, तशी माझ्याशिवाय मिस एव्हडनीची खानावळ नाही. पण हल्ली कुणी झाकणाला हात लावला की माझ्या पोटात गोळा येतो. आणि मला तर पोटाशिवाय दुसरं काही नाहीच.

मी जन्मले एका ओतकाम्याच्या अंगणात. खिडक्यांच्या मोडक्या ॲल्युमिनियमच्या चौकटी, गाड्यांचे निकामी भाग, असलं भंगार वितळवून त्यानं वाळूच्या साच्यात ओतलं आणि आम्ही दोघी बहिणी बाहेर पडलो. मला मिस एव्हडनीच्या आईनं नेलं, बहिणीला टेकडीवरच्या शेजारणीनं. मिस एव्हडनी तेव्हा परकर सावरत धावणारी पोर होती, आणि शेजारणीची दोन मुलं तिच्या खेळातली.

ॲकी हे फळ मोठं मानी. झाडावर लालभडक होतं, पण म्हणून ते खायचं नसतं. त्याचं टरफल आपणहून उकलेपर्यंत थांबावं लागतं. आमच्याकडे म्हणतात, ॲकी हसली की उतरवायची. हसायच्या आधी तोडली, तर ती माणसाला रडवते.

एका वर्षी टेकडीवरच्या घरात खायला काही उरलं नव्हतं. शेजारणीनं मिटलेली फळं तोडून सुरीनं उघडली आणि माझ्या बहिणीत शिजवली. दुसऱ्या सकाळी ती दोन्ही मुलं उठली नाहीत. लोकांनी बहिणीच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं आणि तिला ओहोळात फेकून दिलं. तिचा काय दोष? तिच्यात घातलं ते तिनं शिजवलं. पण ते भोक पाडतानाचा ठणठण आवाज मी अजून विसरलेले नाही.

मिस एव्हडनीही विसरली नाही. मोरंट बे गावाच्या रस्त्यावर तिनं खानावळ काढली तेव्हा रंगाऱ्यानं फळ्यावर भलंमोठं लिहिलं, ‘ॲकी आणि खारा मासा’. ते कधी पुसलं गेलं नाही, आणि ॲकी मात्र वर्षातले निम्मे दिवस नसायची. किंग्स्टनहून गाड्या यायच्या. फळा वाचून माणसं तोंडाला पाणी सुटल्यासारखी उतरायची, आणि मिस एव्हडनी मान वर न करता म्हणायची, “नाहीये.” मग काय आहे, असं विचारलं तर म्हणायची, “दिसतंय ते आहे.” कुणाला तळलेले पिठाचे गोळे हवे असले तर ते अजून कढईतच असायचे. गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं असताना बाई खुशाल स्वतःची न्याहारी उरकायची. रस्सा वाढताना तर असा हात आखडायची, की जणू माहेरचा ठेवा वाटतेय.

सगळ्यांत जास्त कुरकुर मास सिबर्टची. तो टॅक्सी चालवतो. रविवारी चर्चच्या आधी त्याला ॲकी लागते म्हणजे लागतेच. बाकावर बसून तो आल्यागेल्याला सांगायचा की या दुकानात गिऱ्हाईक म्हणजे बिनबोलावलेला पाहुणा. तरी पुढच्या रविवारी पुन्हा हजर. जित्याची खोड.

मग मिस एव्हडनीला साखरेच्या आजारानं गाठलं. पाय सुजला, जमिनीवर टेकायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. ती मागच्या खोलीत खिडकीशी पडून राहू लागली आणि चूल आली तिच्या भाचीकडे, केरी-ॲनकडे. पोर गोड, हसतमुख. गिऱ्हाइकाला ‘या, बसा’ म्हणायची, पाणी द्यायची. तिचं एकच दुखणं होतं. कुणी हिरमुसून गेलं की ते तिच्या जिव्हारी लागायचं. एकदा मास सिबर्ट म्हणाला, “मावशीचं तोंड वाईट होतं, तुझं गोड आहे. पण ताट दोघींचं रिकामंच.” त्या दिवशी तिनं मला घासता घासता डोळे पुसले.

एका शनिवारी एक माणूस पिशव्या घेऊन दाराशी आला. पिशव्यांत सोललेली, बिया काढलेली ॲकी. डोंगरापलीकडे झाडं लवकर हसलीत, असं तो म्हणाला. आपल्या परसातलं झाड अजून मिटलेलं होतं. केरी-ॲन क्षणभर थबकली. मावशीचा नियम तिला पाठ होता: ज्या ॲकीचं टरफल आपण पाहिलं नाही, ती आपल्या घरात शिजायची नाही. पण उद्या रविवार होता, आणि मास सिबर्टचे शब्द कानात होते. तिनं पिशव्या घेतल्या आणि मावशीला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी माझ्यात पाणी उकळलं आणि ती ॲकी आत पडली. पडताक्षणी माझ्या अंगावर काटा आला. पिकलेली ॲकी उकळीला लोण्यासारखी मऊ होते. ही बारकी, टणक, कडेला हिरवट. खड्यांसारखी माझ्या बुडावर आपटत होती. मला ओरडायचं होतं. मी झाकण खडखडवलं, पाणी उतू घालून निखारे विझवायला पाहिलं. केरी-ॲननं हसत झाकण तिरकं केलं आणि आणखी कोळसे सारले. बाहेर बाकावर माणसं जमली होती. आज मिळणार, अशी कुजबुज चालली होती. माझ्या डोळ्यांपुढे, म्हणजे डोळे असते तर डोळ्यांपुढे, टेकडीवरची ती दोन पोरं आली.

पाणी ओतून दिलं गेलं. खारा मासा, कांदा, मिरची पडली. मास सिबर्ट ताट पुढे धरून उभाच होता. आणि केरी-ॲननं मीठ बघायला दोन चमचे तोंडात टाकले.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. भिंतीला धरत, सुजलेला पाय ओढत मिस एव्हडनी आली. तिला वास आला होता. खिडकीतून तिनं अंगण पाहिलं होतं. ॲकीच्या दिवशी तिथे लाल टरफलांचा ढीग पडतो. आज तिथे काहीच नव्हतं.

“टरफलं कुठायत?” तिनं विचारलं.

केरी-ॲननं मान खाली घातली. “मावशी, तो म्हणाला झाडावरच हसली होती.”

“तू पाहिलीस हसताना?”

मिस एव्हडनीनं फडकंसुद्धा घेतलं नाही. उघड्या हातांनी माझे तापलेले कान धरले आणि मला अंगणातल्या खड्ड्यात पालथं घातलं. तिचे तळवे पोळले. मग बाकाकडे वळून ती म्हणाली, “नाहीये.”

मास सिबर्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिजवलेलं अन्न मातीत घालता, लोकांची थट्टा करता, पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असं बरंच बोलून त्यानं ताट आपटलं. त्याच्यामागे बाकं रिकामी झाली. एकाच्याही पोटात कण गेला नव्हता. पण केरी-ॲननं चाखलेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं, माझ्याखेरीज. मी खड्ड्यात पालथी पडले होते, तोंडात माती.

दुपारनंतर केरी-ॲन ओकू लागली. मग मिस एव्हडनीला कळलं, पोरीनं चाखलं होतं. मी तिला बाकी कशालाही भिताना पाहिलेलं नाही, पण तेव्हा ती भ्यायली. कच्ची ॲकी माणसाच्या अंगातली साखर शोषून घेते, आणि मावशीच्या आजारापायी पोरीनं घरातली साखर लपवून ठेवली होती. म्हातारीला जागा बरोबर माहीत होती. साखरेचं पाणी पोरीच्या ओठांना लावत तिनं कुणाला तरी पिटाळलं, टॅक्सी बोलव म्हणून.

आला तो मास सिबर्टच. दारात पाऊल ठेवताच त्याची नजर पोरीवर गेली, मग खड्ड्यातल्या सांडलेल्या ॲकीवर. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. “मी ताट धरून उभा होतो,” एवढंच तो म्हणाला. मग पोरीला उचलून गाडीत घातलं आणि इस्पितळाकडे गेला.

त्या दिवशी मला कुणी उचललं नाही. ठणठण ऐकू येईल म्हणून मी कान लावून पडले होते. खरं सांगू? भोक पाडलं असतं तरी चाललं असतं, पोर परत यायला हवी होती.

आली. गालफडं बसलेली, पण चालत आली. तिनंच मला खड्ड्यातून काढून वाळूनं घासलं. आता तिचं ‘नाहीये’ मावशीपेक्षाही रोखठोक असतं. मास सिबर्ट रविवारी येतो, विचारतो, ‘नाहीये’ ऐकतो, पिठाचे गोळे आणि कच्ची केळी खातो आणि दुकानाला नावं ठेवत चर्चला जातो.

फळा अजून तसाच आहे. तुम्ही कधी या रस्त्यानं आलात, तो वाचून थांबलात आणि आतून कुणी ‘नाहीये’ म्हणून खेकसलं, तर तुमचा विरस होईल. होऊ द्या. नाक मुरडा, चार लोकांत आमची नालस्ती करा. पण अंगणात लाल टरफलं दिसत नसतील, तर हट्ट धरू नका. माझ्यात जे घालाल ते मी शिजवते. नाही म्हणणं तेवढं मला जमत नाही.