ट्रूडीची लाल चौकट

टीव्हीवर स्वतःला चालताना बघून हॅटी बोर्स्माला आधी बरंच वाटलं. पर्लच्या हॉटेलात सकाळची गर्दी होती, बशीत अंडी आणि परतलेले बटाटे निवत चालले होते, आणि गल्ल्याच्या वर टांगलेल्या टीव्हीत ती स्वतः बहरलेल्या चेरीच्या झाडांमधून हसत येत होती.

"अगं, तू तर नटीच दिसतेस!" पर्ल कॉफीची किटली हातात धरून थबकली. "आमची ओळख ठेवशील ना निवडून आल्यावर?"

"तुझी उधारी आहे, म्हणजे ठेवावीच लागेल," हॅटी म्हणाली.

तेवढ्यात पडदा काळवंडला. झाडं गेली आणि तिथे ड्वेन कायपरचा चेहरा आला, कुठल्याशा जत्रेत डोळे अर्धवट मिटलेले असताना टिपलेला. एक घोगरा आवाज म्हणाला, "ड्वेन कायपर. बाटलीशी त्याची लढाई अजून संपलेली नाही. सांगताहेत त्याचेच शेजारी. आपला जिल्हा अशा हातांत द्यायचा?" खाली बारीक अक्षरांत 'किनारा कुटुंब मंच' असं कुणाचं तरी नाव झळकलं, आणि लगेच गाड्यांच्या टायरची जाहिरात सुरू झाली.

ज्या लोकांचे गाईघोडे हॅटीने गुरांची डॉक्टर म्हणून तीस वर्षं तपासले होते, रात्री-अपरात्री वासरं ओढून बाहेर काढली होती, ते सगळे आपापल्या बशीत बघू लागले. पर्लने कॉफी न ओतताच किटली परत नेली. हॅटीला ओरडून सांगायचं होतं की हे मी केलेलं नाही, पण ते तिला म्हणता येईना. कारण ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं. शब्द न् शब्द ओळखीचा होता.

ते तिच्या नणंदेचं वाक्य होतं.

ट्रूडी म्हणजे हॅटीच्या नवऱ्याची, गेरिटची धाकटी बहीण. चर्चचं रविवारचं पत्रक गेली कित्येक वर्षं तीच काढायची. कुणासाठी प्रार्थना करायची असली, की ती मजकुराभोवती लाल चौकट आखायची आणि सुरुवात ठरलेली असायची: "आपल्या लोकांनी बघायला हवं." मग म्हाताऱ्या डीयूचं गुडघ्याचं ऑपरेशन असो की कुणाची सैन्यात गेलेली नात. गावात "मी चौकटीत आहे" म्हटलं की समोरचा माणूस दुसऱ्या दिवशी भांडंभर सूप घेऊन दारात हजर व्हायचा.

हॅटी राज्याच्या विधिमंडळासाठी उभी राहिली तेव्हा तिची वेबसाइटही ट्रूडीनेच केली. समोरच्या पक्षाकडून उभा होता ड्वेन, चेरीच्या बागा असलेला, दोन मैलांवरचा शेजारी. गेरिट गेला त्या हिवाळ्यात याच ड्वेनने न सांगता, न विचारता, रोज पहाटे हॅटीच्या दारातला बर्फ ट्रॅक्टरने बाजूला सारला होता. दोघांनी चर्चच्या पायऱ्यांवर हात मिळवून ठरवलं होतं की एकमेकांबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही. आणि मे महिन्यात राजधानीतून आलेल्या प्रचार सल्लागार बाईंना हॅटीचं चित्रीकरण करायला छान जागा हवी होती, तेव्हा ड्वेनच म्हणाला होता, "माझ्या बागेत करा की. बहर काय माझ्या पक्षाचा आहे?"

तो स्वतः कॅमेऱ्यामागे कॉफीचा थर्मास घेऊन उभा होता. सल्लागार मार्सी ऑस्ट्रँडर सांगत होती, "चाला, हसा, झाडाला हात लावा. बोलू नका. आवाज घ्यायचाच नाहीये."

"मुकी फिल्म कशाला?" हॅटीने विचारलं होतं.

"वेबसाइटवर ठेवायची. ज्याला हवी तो घेईल."

"कोण घेणार मला?" हॅटी म्हणाली, आणि ड्वेन इतका हसला की त्याच्या हातातली कॉफी सांडली.

सप्टेंबरात ड्वेनने प्रार्थनेच्या वेळी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की दारू सोडून अकरा महिने झालेत, पण या निवडणुकीच्या धावपळीत पुन्हा तहान लागते, तेव्हा मला चौकटीत घ्या. ट्रूडीने घेतलं. पत्रकात घेतलं, आणि हॅटीच्या वेबसाइटवरही तोच मजकूर तशाच लाल रेघांत चिकटवला: "आपल्या लोकांनी बघायला हवं, की ड्वेन कायपर एकटा नाही. बाटलीशी त्याची लढाई अजून संपलेली नाही. आपण त्याचे शेजारी आहोत." तो हॅटीने वाचला होता. डोळ्यांत पाणीही आलं होतं. आणि खरं सांगायचं तर मनात असंही येऊन गेलं होतं, की लोकांना दिसू दे, आपण किती मोठ्या मनाने लढतोय ते. माणसाला आपल्याच चांगुलपणाची नशा चढली की समोरचा खड्डा दिसत नाही.

गाडीत बसून तिने मार्सीला फोन लावला. घाईत नंबर दोनदा चुकला.

"बघितलीत?" मार्सीच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "बाई, मी तर तुम्हाला भोळ्या समजत होते! एवढी सफाईदार लाल चौकट मी राजधानीतसुद्धा पाहिलेली नाही."

"कसली सफाई? ती प्रार्थना आहे!"

"प्रार्थना म्हणजे?"

"म्हणजे देवाला करतात ती!"

मग मार्सीने सावकाश, लहान मुलीला समजवावं तसं सांगितलं. 'किनारा कुटुंब मंच'सारख्या बाहेरच्या गटांना प्रचारावर हवा तेवढा पैसा उडवता येतो, अट एकच, उमेदवाराने त्यांच्याशी संगनमत करायचं नाही. म्हणून उमेदवार आपल्याला हवा तो मजकूर वेबसाइटवर सगळ्या जगासमोर ठेवतात, लाल चौकटीत, म्हणजे गटांच्या माणसांना शोधत बसावं लागत नाही. 'लोकांनी ऐकायला हवं' लिहिलं की रेडिओ, 'बघायला हवं' लिहिलं की टीव्ही. शेजारी मुकी फिल्म ठेवली की त्यांनी वर आपला आवाज चढवायचा.

"सगळे करतात," मार्सी म्हणाली. "कुणी कुणाशी बोललेलं नसतं."

ताकाला जायचं आणि भांडंही लपवायचं, हे हॅटीला ठाऊक होतं. पण इथे भांडं भर चौकात ठेवलेलं होतं, लाल रंग फासून, आणि तिला ते देव्हाऱ्यातलं तबक वाटलं होतं. तिने गाडीची काच खाली केली.

"त्यांचा नंबर द्या. मी आत्ता थांबवायला सांगते."

"अजिबात नाही!" मार्सी जवळजवळ किंचाळली. "आपल्या वकिलाने बजावलंय, त्या गटाशी जाहिरातीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. 'चालवा' म्हणायचं नाही आणि 'थांबवा'ही म्हणायचं नाही. उद्या चौकशी लागली तर फोन केलेला दिसेल, काय बोललात ते कोण ऐकायला होतं?"

"म्हणजे त्यांना सांगितलं तर कायदा मोडतो, आणि त्यांनी ड्वेनला मोडलं तर चालतं?"

"मी कायदा केलेला नाही, बाई."

"मग माझं नाव काढून घ्या. मला नकोच ती जागा."

"मतपत्रिका छापून झाल्यात. टपालाने गेल्यासुद्धा." मार्सीचा आवाज थोडा मऊ झाला. "सांगायचंच असेल तर चारचौघांत सांगा. चौकटीत लिहा. ते रोज वाचतात."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. हॅटी तशीच ट्रूडीकडे गेली. ट्रूडीने जाहिरात पाहिलेली होती. स्वयंपाकघरात ॲप्रनने तोंड झाकून ती हमसून हमसून रडत होती. "मी रंग तरी दुसरा घ्यायचा होता गं," ती म्हणत होती, "निळा घेतला असता तर?" तिच्यावर चिडायलाही हॅटीकडे त्राण नव्हतं. दोघींनी शेजारी बसून नवा मजकूर लिहिला. ही जाहिरात मला मान्य नाही. ड्वेन कायपर हा मी पाहिलेल्या भल्या माणसांपैकी एक आहे. ज्यांनी ही दाखवली त्यांनी ती आजच्या आज बंद करावी. आपल्या लोकांनी बघायला हवं, की ही माझी भाषा नाही.

"शेवटचं वाक्य ठेवू?" ट्रूडीने नाक पुसत विचारलं. "सवयीने आलं."

"ठेव," हॅटी म्हणाली. "टीव्हीवर दाखवू देत की माफी."

तिने ड्वेनला फोन केला, तो उचलला गेला नाही. पुन्हा केला, तरी नाही. मनाला समजावलं, की आधी जाहिरात बंद होऊ दे, मग तोंड दाखवू.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाहिरात खरंच बंद झाली. हॅटी टीव्हीसमोर ठाण मांडून बसली होती. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच श्वासात नवीन जाहिरात लागली. तीच झाडं, तीच ती, आता मागे हळुवार पियानो. या वेळी बाईचा गोड आवाज होता. "प्रतिस्पर्धी दारूच्या विळख्यात असतानाही जी त्याला भला माणूस म्हणते, त्याच्यासाठी प्रार्थना करते, ती हॅटी बोर्स्मा. लोकांनी बघायला हवं, तिचं मन." आणि पुन्हा ड्वेनचा तो अर्धमिटल्या डोळ्यांचा फोटो.

आगीतून फुफाट्यात! हॅटी उठून उभी राहिली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. तिने अशी शिवी दिली, की गेरिटने ती ऐकली असती तर तो दोन दिवस जेवला नसता. तिची लाजसुद्धा त्यांनी धुऊन, इस्त्री करून प्रचाराला लावली होती. यापुढे ती जे काही बोलेल, रडेल, नाक घासेल, ते सगळं त्यांच्या कामाचं होतं. तिने चपला की बूट काय घातलं ते न बघता गाडी काढली आणि थेट ड्वेनच्या घरी गेली.

बागेत पानं पिवळी पडून गळायला लागली होती. ड्वेन पुढच्या पडवीत लाकडी खुर्चीवर बसला होता, शेजारच्या स्टुलावर उंच पेला. तिची गाडी बघूनही तो उठला नाही.

"ये हॅटी," तो म्हणाला. "झाडं छान आलीत टीव्हीवर."

"ड्वेन, देवाशपथ, मला ठाऊकच नव्हतं. ती प्रार्थना होती. ट्रूडीने नेहमीसारखी..."

"ठाऊक आहे. ट्रूडीला मी ओळखत नाही का? तिच्याच्याने मुंगीसुद्धा मरायची नाही." त्याने हाताने तोंडावरून एकदा पुसून घेतलं. "चौकटीत घ्या म्हणून मीच उभा राहिलो होतो. तुमच्यावर मी रागावलेलो नाही. पण माझ्या मुलीचा फोन आला होता शिकागोहून. पुन्हा सुरू केलीस का, बाबा, म्हणून विचारत होती. बँकेतला पोरगा माझ्याशी बोलताना जरा मागे सरकून उभा राहिला. काल संध्याकाळी चर्चमध्ये लोकांनी मिठी मारली, आणि प्रत्येकाने मिठीत हळूच वास घेतला. प्रत्येकाने, हॅटी."

"मी सगळ्यांना सांगेन. घरोघरी जाईन. निवडून आले तरी शपथ घेणार नाही."

"इतके महिने मला वाटत होतं की लोक माझ्याकडे बघताहेत," तो म्हणाला. "आता बाटलीकडे बघतात."

"मी नाही बघत, ड्वेन. इतक्या वर्षांत मी कधी..."

ती मध्येच थांबली, कारण तो तिच्या डोळ्यांकडे बघत होता, आणि तिचे डोळे स्टुलावर होते. पेल्यात तांबूस-तपकिरी काहीतरी होतं, बर्फाचे दोन खडे घातलेलं. ती किती वेळ त्याकडे बघत होती, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

ड्वेनने पेला उचलला आणि सरळ हाताने तिच्यापुढे धरला.

"चहा आहे," तो म्हणाला. "घे, वास घेऊन बघ."

तिने मान हलवली, नको नको म्हणत दोन्ही हात मागे घेतले, आणि तिला रडू कोसळलं. चहाच होता तो. लिंबू पिळलेला गार चहा. हे तिला त्याने सांगायची गरज नव्हती, कारण पडवीच्या पायरीवर पाऊल टाकतानाच तिनेही वास घेतला होता.